अबोला मोडण्यासाठी आंतर्देशीय पत्र: एक अभिप्राय

आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी तिच्या समयांवरून ताईशी माझे कडाक्याचे भांडण झाले आणि त्यानंतर सात महिने आमच्यात अबोला होता. फोन केला तर पहिल्याच वाक्याला आवाज चढेल, अशी भीती वाटे. व्हॉट्सॲपवर लिहिलेला मजकूर तर मी तीन वेळा पाठवण्याआधीच पुसला. अखेर टपाल कार्यालयातून २.५० रुपयांची दोन निळी आंतर्देशीय पत्रे आणली.

कागद पातळ आहे, त्यामुळे शाईच्या पेनाऐवजी बॉलपेन वापरणे बरे. तिकीट छापलेलेच असते. मजकुरासाठी आतली पूर्ण बाजू आणि बाहेरचा एक पट्टा, एवढीच जागा मिळते. समया कोणी सांभाळल्या, आजारपणात कोणी किती रजा काढल्या, हे लिहायला घेतले तेव्हा निम्मी बाजू त्यातच संपली. ते पत्र बाजूला ठेवून मी दुसरे घेतले. ‘ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.’ हा मायना लिहिताना हात थबकला, कारण ज्या ताईला आपण साष्टांग नमस्कार लिहितो, तिला पुढच्याच ओळीत टाकून बोलणे मला जमेना. मग ‘त्या दिवशी मी सर्वांदेखत बोललो ते चुकले’ एवढे सरळ लिहिता आले.

पोस्टकार्ड ५० पैशांत मिळते, पण ते उघडे असते आणि घरातले भांडण वाटेत कोणी वाचावे, असे मला वाटत नव्हते. पोच मिळावी म्हणून स्पीड पोस्टचाही विचार केला होता. परंतु सही करून घ्यायचे पाकीट दारात आले की आमच्याकडे आधी वकिलाची नोटीस आठवते. साध्या टपालाचा माग काढता येत नाही, ही उणीव मानायची तर मानावी. मला मात्र तिने पत्र वाचले की नाही हे तासातासाला पाहण्यापासून सुटका मिळाली आणि तिलाही उत्तरासाठी हवा तेवढा वेळ मिळाला.

अकराव्या दिवशी तिचे उत्तर आले, तेही आंतर्देशीयच. असे पत्र घाईने फाडले तर कडेच्या ओळी जातात, म्हणून कात्रीने कडा कापून उघडले. समयांविषयी आत एक अक्षरही नव्हते. बाहेरच्या पट्ट्यावर, जागा संपत आल्यामुळे बारीक अक्षरांत, तिने लिहिले होते: ‘गौरीच्या जेवणाला दोघेही या. पुरण मी घालीन, कटाची आमटी तू कर, आईसारखी तुलाच जमते.’