फोर बाय फाइव्हसाठी फिल्टर: गोल की चौकोनी?

फोर बाय फाइव्ह म्हणजे ४×५ इंची फिल्मचा लार्ज फॉरमॅट कॅमेरा. त्याच्या सगळ्या लेन्सना एकच थ्रेड (फिल्टर बसवायचे आटे) मिळेल, ही आशा सोडा. निकॉनच्या निकॉर लेन्समध्येच ९० एमएम एफ/८ आणि २१० एमएम एफ/५.६ ला ६७ एमएमचा फिल्टर लागतो, १५० एमएम एफ/५.६ ला ५२ चा. गोल घ्यायचे तर सगळे ६७ चेच घ्यावेत आणि १५० साठी एक स्टेप-अप रिंग (लहान आट्यांवर मोठा फिल्टर बसवणारी कडी). १०० एमएमची चौकोनी सिस्टीम म्हणजे होल्डर (लेन्सपुढची, फिल्टर सरकवायची चौकट), अडॅप्टर रिंगा, खर्च आणि लोकलच्या गर्दीत आणखी एक पिशवी.

खरी परीक्षा फोर्टात होते. सीएसएमटीचा घुमट फ्रेममध्ये घ्यायला ९० वर फ्रंट राइज दिला, म्हणजे लेन्स वर सरकवली, की पुढे आलेला होल्डर कोपरे खातो. पातळ गोल फिल्टर बहुधा निभावून नेतो. ग्राउंड ग्लासचे (कॅमेऱ्यामागची, चित्र दिसणारी दुधी काच) कोपरे कापलेले असतील तर अ‍ॅपर्चर (लेन्समधलं भोक) लहान करून तिथून लेन्सकडे पाहा. भोक अर्धवट दिसलं तर कोपरा गेलाच. मरीन ड्राइव्हच्या वाऱ्यात बेलोज (कॅमेऱ्याचा घडीचा भाता) आधीच थरथरतो, त्यात होल्डरची भर नको. खारे तुषार पुसताना रेझिनवर चरे पडतात, काच जास्त सोसते.

म्हणून माझं मत गोल फिल्टरला. पण रंगीत फिल्मवर वांद्र्याचा सूर्यास्त हवा असेल तर चौकोनीच घ्या: ग्रॅज्युएटेड एनडीची (अर्धा गडद, अर्धा पारदर्शक फिल्टर) रेषा क्षितिजाप्रमाणे वरखाली सरकवता येते, गोलात ती मधोमध अडकलेली. कृष्णधवलात ढगांसाठी २५ नंबरचा लाल फिल्टर पुरतो. हातातल्या मीटरला फिल्टर दिसत नाही, एक्स्पोजर ३ स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट) आठवणीने वाढवा. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) साधा लिनिअर चालतो. इथे ऑटोफोकस आहेच कुठे!