स्कॅड: लगेच स्टेंट घालावा की थांबावं?

ताईला सत्तेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅक आला. शुगर नाही, वजन नाही, व्यसन तर नाहीच. अँजिओग्राफीनंतर डॉक्टर म्हणाले, "चरबीचा ब्लॉकेज नाही, नळी आपोआप आतून फाटली आहे. याला स्कॅड म्हणतात." वडोदऱ्यातल्या त्या हॉस्पिटलच्या बाकावर आमच्या दांडिया बाजार भागातली अर्धी मंडळी जमली होती आणि सगळ्यांचं एकच: "स्टेंट घाला नि मोकळे व्हा." त्याच बाकावर बसलेल्या कुणासाठी हे लिहिते आहे.

स्क्रीनवर मी पाहिलं. हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणारी नळी निम्म्यापर्यंत छान रुंद होती, तिथून टोकापर्यंत दोऱ्याएवढी. ताई ब्लाउज शिवते, म्हणून तिला नंतर तसंच सांगितलं: वरचं कापड धड आहे, अस्तर सुटलंय आणि मधे रक्त साठलंय.

स्टेंटची अडचण इथेच आहे. नेहमीच्या ब्लॉकेजमध्ये चरबी भिंतीला दाबून बसवता येते. इथे दाबलं की साठलेलं रक्त मागेपुढे सरकतं, पुढे नवा अडथळा तयार होतो, मग दुसरा स्टेंट, तिसरा. स्टेंट आत नेणारी वायर अस्तरामागे शिरली तर फाट वाढते. पुढे रक्त जिरलं की बसवलेला स्टेंट सैलही पडू शकतो.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 2014 मध्ये 189 रुग्णांचा अभ्यास छापला. स्टेंटचा प्रयत्न झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांत तो फसला. स्टेंटच्या गटात जास्त गंभीर रुग्ण गेले असणार, हे खरं. पण त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या नळीतला प्रवाह आधी चालूच होता. औषधांवर ठेवलेल्या 94 पैकी 85 जण हॉस्पिटलमध्ये सुखरूप राहिले. उरलेल्या 9 जणांची फाट वाढली आणि त्यांना स्टेंट किंवा बायपास लागला. म्हणून थांबणं म्हणजे घरी जाणं नव्हे. पहिले काही दिवस मॉनिटरवरच काढायचे. बहुतेकींची नळी काही आठवड्यांत, महिन्यांत आपली आपण भरून येते. बहुतेकींची म्हणते, कारण स्कॅडच्या रुग्णांत दहापैकी नऊ बायका असतात.

पण छातीत दुखायचं थांबत नसेल, प्रवाह बंद असेल, बीपी कोसळत असेल किंवा डावी मुख्य नळीच फाटली असेल, तर थांबा म्हणून हट्ट धरू नका. तिथे स्टेंटची जोखीम घ्यावीच लागते, कधी थेट बायपास.

स्कॅड पुन्हा होण्याची भीती मात्र स्टेंटनेही जात नाही. त्या अभ्यासात पाच वर्षांनंतर दोन्ही गट सारखेच निघाले. बीपी आटोक्यात ठेवणं आणि हृदयाचे ठोके नि ताण कमी करणारी बीटा ब्लॉकरची गोळी यांचा उपयोग दिसला आहे. मान आणि किडनीच्या नळ्यांची तपासणीही विचारून घ्या, तिथल्या भिंती कमजोर निघू शकतात.

ताईचं दुखणं अँजिओग्राफीपूर्वीच थांबलं होतं, प्रवाह चालू होता, म्हणून डॉक्टर थांबले आणि आम्ही होकार दिला. तिसऱ्या रात्री दोन वाजता तिने छातीवर हात ठेवला. सिस्टरने धावत येऊन ईसीजी काढला, संध्याकाळच्या पट्टीशेजारी धरला. दोन्ही सारखे होते. ताईने पाणी मागितलं.