बोडो की स्लोव्हाक? एकच शिकायची असेल तर

बोडो आणि स्लोव्हाक ही जोडी सहसा कुणी जुळवत नाही. पण जर्मन-जपानीच्या वाटेनं जायचं नाही, फारसं कुणी शिकत नाही अशी एखादी भाषा धरायची, असं ठरवलेल्या मराठी माणसाचं बोट या दोन नावांवर सहज थांबू शकतं. एक आपल्या देशातली, आसामातली, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली, देवनागरीत लिहिली जाणारी. दुसरी मध्य युरोपातल्या स्लोव्हाकियाची, रोमन लिपीतली, पण कुळानं मराठीची लांबची बहीण, कारण दोघीही इंडो-युरोपीय. बोडोचं कूळ वेगळं, तिबेटी-बर्मी. माझं मत आधीच सांगून टाकतो: लिपी आणि कूळ या दोन्हींवर विसंबू नका. स्लोव्हाक पुण्यात एकट्यानं बसून बऱ्यापैकी शिकता येते, बोडोला माणसं लागतात.

लिपीपासूनच बघू. बोडो आधी असमिया आणि रोमन लिपीत लिहिली जायची. 1952 साली स्थापन झालेल्या बोडो साहित्य सभेनं पुढे रोमनचा आग्रह धरला, 1974 मध्ये आंदोलन पेटलं, त्यात माणसं मेली, आणि 1975 मध्ये तोडगा म्हणून देवनागरी आली. आपल्याला वाटतं, चला, अर्धं काम झालं. तसं होत नाही. ‘नों’ म्हणजे ‘तू’, पण त्यातला ओकार आपला नव्हे. ओठ गोल न करता ‘ऊ’ म्हणायचा प्रयत्न करा, त्याच्या आसपासचा तो स्वर आहे. आपला ‘ओ’ तिथे बऱ्याचदा नुसत्या अकारान्त अक्षरात असतो, म्हणून ‘बर’’ (शेवटची वरची खूण लेखनाचाच भाग) वाचायचं ‘बोरो’ आणि घर म्हणजे ‘न’’ वाचायचं ‘नो’. शिवाय भाषेत सूर आहेत, उंच-खाली सुरानं अर्थ बदलतो, आणि ते लिपीत दिसत नाहीत. म्हणजे मराठी माणूस बोडो मजकूर पहिल्याच दिवशी घडाघडा वाचेल आणि ऐकणाऱ्याला काही कळणार नाही.

स्लोव्हाक इथे उलट वागते. 46 अक्षरं, त्यांवर टोप्या, रेघा, ठिपके. पहिल्यांदा पाहून धास्तीच बसते. पण लिहिलंय तसं बोलायचं आणि आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर, एवढ्यावर बरंच भागतं. मराठी तोंडाला तर एक आयतं वरदान आहे. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च, ‘जरा’तला ज आणि ‘जीव’मधला ज, हे चारही उच्चार स्लोव्हाकमध्ये आहेत आणि प्रत्येकाचं लेखन वेगळं आहे.

व्याकरणात मात्र बोडो जिंकते, आणि चांगल्या फरकानं जिंकते. शब्दांचा क्रम आपल्यासारखाच, क्रियापद शेवटी. नामाला प्रत्यय लागतात, तेही सामान्यरूपाच्या भानगडीशिवाय. व्याकरणातलं लिंग नाही. क्रियापद माणसाप्रमाणे बदलत नाही: आं जायो, नों जायो, बियो जायो. ‘बियो’ म्हणजे तो आणि तीसुद्धा. (इथे ‘जा’ म्हणजे खाणं, आणि जाणं म्हणजे ‘थां’. पहिले काही आठवडे याचा घोळ होणारच.) काळासाठी फक्त शेपूट बदलायचं: जायो, जाबाय, जागोन. खाल्लंय म्हणायला ‘जाबाय’, खाणार म्हणायला ‘जागोन’. डोकं खाजवावं लागतं ते मोजताना. माणूस एक असेल तर ‘सासे’, जनावर एक असेल तर ‘मासे’. वस्तूच्या जातीप्रमाणे आकड्याच्या आधी वेगळा तुकडा लागतो आणि ते पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.

स्लोव्हाकमध्ये सहा विभक्ती, तीन लिंगं, आणि नामं चालवायचे डझनभर नमुने. ‘झेना’ म्हणजे बाई, तिची रूपं झेनी, झेन्ये, झेनू, झेनोऊ अशी पळत सुटतात. क्रियापदांच्या जोड्या आणखी वेगळ्या: लिहीत असणं एक, लिहून टाकणं दुसरं. तरीही मराठी माणसानं घाबरू नये. नपुंसकलिंग आपल्या अंगवळणी आहे. भूतकाळ तर ओळखीचाच वाटतो: रोबिल, रोबिला, रोबिलो, म्हणजे त्यानं, तिनं, त्या नपुंसकलिंगी कुणीतरी काम केलं. गेला-गेली-गेलं म्हणणाऱ्याला यात नवं काही शिकवावं लागत नाही.

आता खरा मुद्दा. स्लोव्हाक बोलणारे साधारण 50 लाख, बोडो 2011 च्या जनगणनेप्रमाणे सुमारे 14.8 लाख. पण फरक आकड्यापेक्षा साधनांचा आहे. स्लोव्हाक 2004 पासून युरोपीय संघाची अधिकृत भाषा. फुकट ऑनलाइन अभ्यासक्रम, शब्दकोश, पायरीपायरीच्या परीक्षा, ब्रातिस्लाव्हाच्या कोमेनियस विद्यापीठाची 1965 पासून चालत आलेली उन्हाळी शाळा, सगळं हाताशी. बोडोचं विद्यापीठीय शिक्षण आहे, साहित्य आहे, आयआयटी मुंबईत आकाराला आलेल्या इंडोवर्डनेटमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या एकमेकांशी जोडलेल्या शब्दसंग्रहात, मराठीच्या जोडीनं बोडोही आहे. पण मराठीतून पायरीपायरीनं शिकवणारं धड पुस्तक शोधायला गेलात तर निराश व्हाल. सूर तर पुस्तकातून येतच नाहीत. त्यासाठी कोक्राझार, चिरांग किंवा उदालगुरीकडचा बोलणारा माणूस हवा. तोही हिंदीकडे वळणार, कारण त्याला ते सोपं पडतं. त्याला रोज अर्धा तास अडवून धरायची तयारी असेल तरच बोडोचं नाव घ्या.

उपयोग म्हणाल तर स्लोव्हाकचं पारडं उघड जड आहे. तिथल्या सार्वजनिक विद्यापीठांत स्लोव्हाकमधून पूर्णवेळ शिकलं तर ठरलेल्या मुदतीपर्यंत शिक्षण शुल्क लागत नाही, परदेशी विद्यार्थ्यालाही. चालू नियम तेवढे तपासून घ्या. टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचा कारखाना नित्रा शहरात 2018 मध्ये सुरू झाला. वर चेक भाषा जवळजवळ फुकटात समजू लागते. बोडोतून नोकरी मिळेल अशा आशेनं तिच्याकडे जाऊ नका. ईशान्येत काम करणारा, तिथल्या शाळांत किंवा संस्थांत राहणारा, किंवा भाषाशास्त्राचा विद्यार्थी असाल, तर मात्र मी तिलाच निवडेन: त्रिपुरातली कोकबोरोक, दिमासा आणि गारो या तिच्याच घरातल्या, आणि एका भाषेवरून दुसरीत शिरणं पुढे सोपं होतं. अशा माणसानं पहिली खेप एप्रिलच्या मध्यावर, बैसागु सणाच्या सुमारास ठेवावी. रेल्वेनं जाणं सोयीचं, कोक्राझार न्यू जलपाईगुडी-गुवाहाटी मार्गावरच लागतं.