जेरोंटोलॉजीचा अभ्यासक्रम: ज्येष्ठ सहाध्यायींसह

वृद्धत्वाचा अभ्यास ज्येष्ठांच्या शेजारी बसून करायचा, हे या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं वैशिष्ट्य, आणि ते नुसतं माहितीपत्रकापुरतं नाही. साठी-सत्तरी ओलांडलेले सहाध्यायी तेच वाचन करतात, तेच निबंध लिहितात आणि प्रत्येक प्रकल्पगटात असतात.

प्रात्यक्षिकं तर अप्रतिम. ‘टाइम्ड अप अँड गो’ चाचणी घ्या. खुर्चीवरून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. आमच्या गटातल्या मावशी, निवृत्त परिचारिका, चाचणी देऊन झाल्यावर म्हणाल्या, “इथे उजेड आहे, खुर्चीला हात आहेत. रात्री लघवीला उठते तेव्हा अंधार असतो, धरायला काही नसतं, वर घाई.” झालं, आमचा प्रकल्पच बदलला. पलंगावरून दिव्याचं बटण हाताला लागतं का, पायपुसणं सरकतं का, उठताना आधार कशाचा, हे आम्ही घरोघरी जाऊन तपासलं.

सिद्धांताच्या तासांनाही हेच. वार्धक्याकडे सकारात्मक नजरेने बघणारे सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले, हा मानसशास्त्रज्ञ बेका लेवी यांचा २००२ चा निष्कर्ष आम्ही तरुणांनी मुकाट्याने उतरवून घेतला. एका काकांनी लगेच हात वर केला: “तब्येत चांगली म्हणून विचार चांगले, असं तर नसेल?” मग तो शोधनिबंध उघडून संशोधकांनी आरोग्याचा हिशेब कसा धरला होता हे बघावं लागलं. संशोधनपद्धती मला खऱ्या अर्थाने त्या तासाला कळली.

एक तक्रार मात्र आहे. वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा आधी उंच पट्टीतले आवाज जातात, स-श-फ निसटतात. नुसतं मोठ्याने बोलून भागत नाही, बोलणाऱ्याचा चेहरा दिसावा लागतो. तरीही काही व्याख्यानं फळ्याकडे तोंड करून झाली आणि मागच्या बाकावरच्या ज्येष्ठांचं नुकसान झालं. हे सुधारायलाच हवं.

असा अभ्यासक्रम इतरत्र निवडणार असाल तर प्रवेशाआधी एवढं विचारा: ज्येष्ठांना आपल्यासारखेच निबंध आणि प्रकल्प असतात का? त्यांना फक्त मुलाखती द्यायला बोलावत असतील, तर मी तिथे प्रवेश घेणार नाही. हा मात्र जरूर घ्या, विशेषतः नर्सिंग, समाजकार्य किंवा वास्तुरचनेकडे जाणार असाल तर.