१२ वर्षांचा गिझर शेवटी काढला, ८ महिन्यांनंतर लिहितोय

आम्ही बेळगावात वडगावला, घरात पाच माणसं, पाणी निम्मं नळाचं निम्मं बोअरचं. जुना गिझर २५ लिटरचा, २०१२ ला घेतलेला. नोव्हेंबरात तो काढून १५ लिटरचा फाईव्ह स्टार बसवला. नव्याचं नंतर सांगतो, आधी जुन्यावर किती पैसे घातले ते ऐका.

२०१८ ला कॉईल गेली, बदलली. २०२१ ला थर्मोस्टॅट. इथपर्यंत ठीक, टाकी चांगली होती आणि दोन्ही पार्ट स्वस्तातले. मग २०२३ च्या पावसात ट्रिप व्हायला लागला, स्विच टाकला की पाच मिनिटात घरभर अंधार. वायरमन अण्णांनी उघडला तर आतून घमेलंभर पांढरा थर निघाला, बोअरच्या पाण्याचा क्षार सगळा, कॉईल त्यात गाडलेली आणि फुटलेली. अण्णा तेव्हाच म्हणाले, "रॉड पार संपलाय ओ, आता टाकीची पाळी, ह्यात पैसे घालू नका." कुठला रॉड? टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो, टाकीऐवजी तो झिजतो, म्हणून टाकी टिकते आणि तो मधनं मधनं बदलायचा असतो, हे मला अकरा वर्षांत कुणी सांगितलं नाही, आणि मीपण पुस्तक उघडून बघितलं नाही म्हणा. तरी हुशारी करून दोन हजाराची कॉईल टाकलीच.

वर्षभरात गरम नळाला तांबूस पाणी. थंड नळ एकदम स्वच्छ, म्हणजे पाईपचा प्रश्न नाही, टाकीच आतून गेलेली. आई म्हणे, "त्यापेक्षा आपला तांब्याचा बंब काय वाईट होता रे?" मग खालनं थेंब थेंब सुरू झालं. एकजण वेल्डिंग मारून देतो म्हणाला, पण आतला काचेचा लेप त्या उष्णतेनं उडतो, मग दोन महिन्यात शेजारीच दुसरं भोक. कॉईल, थर्मोस्टॅट गेला तर खुशाल दुरुस्त करा, पण टाकी गळली की विषय संपला.

आता नवा. हिवाळ्यात साधारण वीस मिनिटात पाणी तयार, ०.६ युनिटच्या आसपास जातं. दुकानात स्टार स्टार करतात, पण पाणी तापवायला लागणारी वीज सगळ्या गिझरला तेवढीच, फरक पडतो तो तापलेलं पाणी टाकीत निवत बसतं त्यात. आम्ही अंघोळीच्या आधी लावतो आणि बंद करतो, त्यामुळं माझ्या मते बचत स्टारपेक्षा लहान टाकीची जास्त. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, महिन्याला २०० युनिट ओलांडले की अख्खं बिल भरा, मागच्या थंडीत दोनदा बसला तो फटका, ह्या थंडीत एकदापण नाही. तोटा एवढाच की लागोपाठ दोघांच्या अंघोळी झाल्या की तिसऱ्यानं थांबायचं, आणि तिसरा नेहमी मीच असतो.

पहिल्या आठवड्यात तापताना व्हॉल्व्हमधनं थेंब पडायचे, मी घाबरून अण्णांना बोलावलं. ते हसले, तापलं की पाणी फुगतं, जादाचं तिथनं निघतं. गिझर बंद असताना पण गळत असेल तर मात्र दाखवायचं.

परवा मुद्दाम रॉड काढून बघितला, आठ महिन्यात जागोजागी खड्डे. आमचं बोअरचं पाणीच तसलं. नवीन आणून ठेवलाय, दिवाळीच्या आधी बदलायचा, आणि ह्यावेळी गिझरच्या अंगावरच मार्करनं तारीख लिहिणार हाय.