जुन्या गेम डिस्कच्या ‘बॅकअप’पायी मला १२,८१९ रुपयांना गंडवलं

आकडा आधीच सांगून टाकतो. १२,८१९ रुपये. शिवाय चार मूळ डिस्क गेल्या, त्या वेगळ्याच. घरी मी ‘पाचेक हजार गेले’ एवढंच सांगितलंय, तेव्हा ओळखीच्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर कृपा करून तोंड बंद ठेवा.

माझ्याकडे ४६ डिस्क होत्या. जुन्या गेम कन्सोलच्या: पीएस-१ (पहिलं प्लेस्टेशन) च्या १९, पीएस-२ च्या १५, निंटेंडोच्या गेमक्यूबच्या ७ आणि सेगाच्या ड्रीमकास्टच्या ५. सगळ्या पाल विभागाच्या (म्हणजे युरोपसाठी काढलेल्या आवृत्त्या), स्वतः पैसे मोजून घेतलेल्या, बहुतेकांच्या पुस्तिकाही शाबूत. त्यातल्या दोन-तीन डिस्क उजेडासमोर धरल्या की लेबलाखालच्या थरातून टाचणीएवढे ठिपके चमकायला लागले होते. खालच्या बाजूचा ओरखडा घासून काढता येतो, वरच्या थराला इजा झाली की तो डेटा गेलाच. म्हणून वेळीच प्रती काढाव्यात, एम्युलेटरवर (संगणकावर कन्सोलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) खेळावं आणि मूळ डिस्क कपाटात ठेवाव्यात, इतका साधा बेत होता.

‘मग घरीच का नाही केलंस?’ हे प्रत्येकाने विचारून झालंय, म्हणून एकदाच उत्तर देतो. पीएस-२ ची डिस्क साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचता येते आणि इमगबर्नसारखं फुकट सॉफ्टवेअर तिची आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एक फाइल, काढून देतं, हे मला माहीत होतं. पीएस-१ चंही जमलं असतं. पण ड्रीमकास्टची खास डिस्क, जीडी-रॉम, साधारण एक जीबीची असते आणि तिच्यातला दाट भरलेला भाग संगणकाच्या नेहमीच्या ड्राइव्हला दिसतच नाही. ती वाचायचा सरळ मार्ग म्हणजे खुद्द ड्रीमकास्ट, मागे एसडी कार्डचं अडॅप्टर जोडून. माझा ड्रीमकास्ट कधीच मेलाय. गेमक्यूबच्या छोट्या डिस्कसाठी निंटेंडोचा वी (Wii) कन्सोल हवा, त्यात क्लीनरिप हे प्रत काढणारं सॉफ्टवेअर चढवायला हवं. काही ठरावीक जुने पीसी ड्राइव्हही ती वाचतात, पण ते शोधत बसायला वेळ कोणाला आहे? आणि माझ्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. नोकरी करणाऱ्या माणसाने हे काम बाहेर दिलं यात मूर्खपणा काय आहे, ते मला कोणीतरी समजावून सांगावं.

बरं, जाहिरात बघून ज्याला काम दिलं तो माणूस अडाणी नव्हता. जाहिरातीत दर होता डिस्कमागे १२० रुपये. फोनवर पहिल्याच दमात म्हणाला, “सर, पीएस-वनच्या मी आयएसओ देत नाही, बिन-क्यू देतो. आयएसओमध्ये गाण्यांचे ट्रॅक उडतात.” हे अगदी बरोबर आहे (बिन-क्यू म्हणजे सगळे ट्रॅक जसेच्या तसे ठेवणारी फाइलींची जोडी). पीएस-१ च्या सीडीवर एक सेक्टर २३५२ बाइटांचा असतो, आयएसओत त्यातले २०४८ च उरतात. वर त्यानेच विचारलं, “तुमच्या पाल गेम्समध्ये लिबक्रिप्टवाल्या असतील ना? त्यांची एसबीआय फाइल वेगळी देतो.” लिबक्रिप्ट म्हणजे काही पाल गेममधलं कॉपी रोखणारं कुलूप, आणि एसबीआय फाइल त्याची माहिती देते. हे नाव किती जणांनी ऐकलंय? अशा माणसाला चोर कोण समजेल? पुढे लक्षात आलं की हा सगळा अभ्यास नेटवरून एका रात्रीत होतो, आणि चोरालाही नेट आहे.

निम्मे आगाऊ, म्हणजे २,७६० रुपये पाठवले. कुरियरचे ४१० माझे. डिस्क त्याच्याकडे पोचल्या आणि दुसऱ्या दिवशी नमुना म्हणून पीएस-१ ची एक गेम त्याने लिंकवर टाकली.

आता तो क्षण. यावर माझी झोप उडालीय.

फाइल मी डकस्टेशन या पीएस-१ च्या एम्युलेटरमध्ये उघडली. यादीत गेमच्या नावापुढे तिचा सिरियल क्रमांक येतो आणि विभागाचा झेंडा येतो. झेंडा अमेरिकेचा होता. सिरियलची सुरुवात एसएलयूएस. माझ्या डब्याच्या कण्यावर छापलंय एसएलईएस, म्हणजे युरोप. डबा तेव्हा माझ्या हातात होता हो! गेम चालू केली तर थेट मेनू आला. माझी डिस्क कन्सोलमध्ये घातली की आधी पाच भाषांचा पडदा येतो, इंग्रजी निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इतकी वर्षं तो पडदा बघितलाय. तो आला नाही, हे मला दिसलं.

मी लगेच विचारलंही. त्याचं उत्तर तयार होतं. “सर, पाल म्हणजे ५० हर्ट्झ ना? स्लो चालतं. मी सगळ्यांना ६० हर्ट्झ करूनच देतो. त्याचा चार्ज नाही लावत.”

आणि इथेच तो हरामखोर हुशार ठरला, कारण अर्धं खरं आहे. पाल विभागातल्या कितीतरी जुन्या गेम खरोखर सहाव्या हिश्श्याने हळू चालायच्या, ही तक्रार आम्ही सगळेच करत आलोय. त्यामुळे मला उलट आनंद झाला. पण पॅच मारून वेग बदलतो. डिस्कवरच्या ‘सिस्टम डॉट सीएनएफ’ फाइलीतलं एसएलईएस पुसून तिथे एसएलयूएस होत नाही आणि चार भाषाही गळून पडत नाहीत. ती माझी डिस्क नव्हतीच. नेटवर फुकट फिरणारी अमेरिकन प्रत होती. तिथेच हात आखडता घेतला असता तर ३,१७० रुपयांवर सुटलो असतो.

त्याने हॅशचा (फाइलीच्या बोटांच्या ठशासारखा आकडा) स्क्रीनशॉटही पाठवला होता, ‘बघा, रिडम्पशी जुळतोय’. रिडम्प म्हणजे मूळ डिस्कच्या अचूक प्रतींचे हॅश नोंदवणारं संकेतस्थळ. लक्षात ठेवा, हॅश जुळला की फाइल अचूक आहे एवढंच कळतं. ती कोणाच्या डिस्कवरून आली हे नाही कळत. उतरवून घेतलेली फाइलही जुळतेच की.

पुढे नेहमीचंच. ‘जीडी-रॉमसाठी वेगळं मशीन लागतं’ म्हणून १,८०० (ड्रीमकास्ट लागतो हे मला माहीत होतं, म्हणून तर पटलं). ‘काही डिस्क वाचत नाहीत, पॉलिश करावं लागेल’, ९५०. नवी एक टीबीची हार्ड डिस्क, ३,४९९. परतीचं कुरियर आणि विमा, ६४०. मग उरलेले निम्मे २,७६०. त्या एक टीबीचा हिशेब आता करतो तेव्हा स्वतःच्याच डोक्यावर हात मारून घ्यावासा वाटतो. पीएस-२ च्या पंधराही डीव्हीडी काठोकाठ भरलेल्या धरल्या तरी ७० जीबी, बाकी सगळं मिळून तीसेक. शंभर जीबीत मामला आटोपतो. १२८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरला असता. पण तेव्हा डिस्क त्याच्या ताब्यात होत्या आणि मला त्या परत हव्या होत्या. अशा वेळी माणूस भांडत नाही, पैसे पाठवतो. तुम्हीही पाठवले असते.

खोकं आलं. ‘नवी’ हार्ड डिस्क क्रिस्टलडिस्कइन्फो या तपासणीच्या सॉफ्टवेअरला दाखवली तर ३१,००० तासांहून जास्त चाललेली. ड्रीमकास्टच्या पाचही गेम सीडीआय फाइली, एकही ७०० एमबीच्या वर नाही. खऱ्या जीडी-रॉमच्या पूर्ण प्रतीचं रूप जीडीआय असतं. सीडीआय म्हणजे साध्या सीडीत कोंबण्यासाठी जुन्या काळी बऱ्याचदा गाणी आणि व्हिडिओ छाटून बनवलेला चोरटा माल. गेमक्यूबच्या सात आयएसओंपैकी कुठली ४०० एमबी, कुठली ९००. गेमक्यूबची पूर्ण आयएसओ कुठल्याही गेमची असो, १,४५,९९,७८,२४० बाइटच भरते. एक बाइट इकडेतिकडे नाही. याहून सोपी परीक्षा नाही, करून बघा.

तरीही मी स्वतःला समजावत होतो की चालतायत ना, मग झालं. मेमरी कार्डाने डोळे उघडले. जुन्या कार्डावरचे सेव्ह मी आधीच संगणकावर घेऊन ठेवले होते. ते डकस्टेशनला जोडले. कार्डाच्या यादीत सेव्ह स्वच्छ दिसतोय, पंधरापैकी एक खण भरलेला, आणि गेम म्हणतेय, डेटा नाही. पुन्हा केलं, तेच. कारण युरोपच्या सेव्हचं नाव ‘बीई’ने सुरू होतं आणि अमेरिकेच्या गेमला ‘बीए’वाला लागतो. माझी गेम माझाच सेव्ह ओळखत नव्हती, कारण ती माझी गेमच नव्हती.

मग मी डिस्क तपासायला घेतल्या. बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह मागवला (हो, तेव्हा मागवला, हसू नका). पीएस-१ ची मूळ सीडी खालून काळी असते. पण काळ्या कोऱ्या सीडीही बाजारात येऊन गेल्यात, तेव्हा रंगावर भरवसा नाही. तीन डिस्क इमगबर्नमध्ये घातल्या आणि उजवीकडे ‘सीडी-रॉम’ दिसायला हवं तिथे ‘सीडी-आर’ (लिहिता येणारी सीडी) आलं, खाली एटीआयपी या खुणेची ओळ. कारखान्यात छापलेल्या डिस्कला एटीआयपी नसतंच, ते लिहायच्या कोऱ्या सीडीतच असतं. ड्रीमकास्टच्या एका डिस्कला तर ड्राइव्हचीही गरज पडली नाही. जीडी-रॉमच्या खालच्या अंगाला दोन भागांच्या मधे वेगळं कडं असतं, त्यात बारीक अक्षरं असतात. या डिस्कला कडंच नाही. लेबलाची छपाई मात्र सुरेख. नेमक्या चारच बदलल्या, ज्या विकल्या तर किंमत येते त्या.

आणि हार्ड डिस्कवर एक फोल्डर होतं, ‘गिफ्ट’. दोनशेवर गेम, ज्या मी कधी घेतल्याच नाहीत. त्याचा अर्थ फोन केल्यावर कळला. ‘सर’ लगेच गळालं. “तक्रार कर की. आधी तुलाच विचारतील ड्राइव्हवर काय आहे.” भेट नव्हती ती, माझ्या गळ्यात बांधलेली घंटा होती. त्यानंतर नंबर बंद.

आता मदत करणाऱ्यांची कथा ऐका. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा, वाद असेल तर पोलिसांत जा. पैसे पाठवायच्या अ‍ॅपमध्ये माणूस नाहीच, एक बोलकं यंत्र आहे. त्याला ‘फसवणूक’ लिहिलं की ते ऑफर दाखवतं. कुरियरवाल्यांचं तर सोनंच करायला हवं. पार्सलमधला माल बदलल्याची तक्रार पाठवणाऱ्यानेच करायची, असा त्यांचा नियम! म्हणजे चोराने अर्ज करायचा की मी चोरी केली. विम्याचं विचारलं तर त्या पार्सलचा विमा काढलेलाच नव्हता.

पोलीस चौकीत एका साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे सीड्यांची कॉपी करायला दिली होती?” मी म्हटलं, माझ्याच आहेत, माझ्याच वापरासाठी. “बिल आहे?” वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या खरेदीचं बिल! “नव्या आणल्या तर कितीला पडतात?” नव्या बनतच नाहीत म्हटलं. “मग किंमत कशी लावायची?” शेजारचा म्हणाला, “अहो, माझ्या पोराच्या पेन ड्राइव्हवर असल्या हजार आहेत, फुकट.” सगळे हसले. मग ‘गिफ्ट’ फोल्डरबद्दल मीच सांगितलं, लपवायचं कशाला, तर साहेबांचा सूरच बदलला. हे चोरीचं तुमच्याकडे कसं? चार डिस्क आणि बारा हजार गेलेला मी, आणि खुलासा मीच लिहून देतोय! स्वतःच्या डिस्कची प्रत काढण्याबद्दल कायदा देशोदेशी वेगळा आहे, कुठे मुभा, कुठे कुलूप तोडायला मनाई. टेबलापलीकडच्या माणसाला त्यातलं काही ठाऊक नसतं आणि भामट्याचा सगळा धंदा यावरच चालतो. शेवटी अर्ज ‘पाहणीसाठी’ ठेवून घेतला. पोच मागितली तर म्हणाले, शिक्का ज्यांच्याकडे असतो ते आज नाहीत.

डिस्क द्यायच्याच असतील तर आधी प्रत्येकीच्या खालच्या बाजूचा, मधल्या कड्यावरच्या कोरीव आकड्यांसकट, फोटो काढा. माझ्याकडे ते असते तर पोलिसांना दाखवायला काहीतरी असतं. मौल्यवान डिस्क पाठवूच नका. ‘जीडी-रॉम साध्या ड्राइव्हवर काढतो’ म्हणाला की फोन ठेवा. बायोसचा (कन्सोल सुरू करणारं त्याचं आतलं सॉफ्टवेअर) भलामोठा संच फुकट देतो म्हणाला तरी ठेवा. पीएस-१, पीएस-२ चा बायोस आपल्या कन्सोलमधून काढायचा असतो, आणि गेमक्यूबच्या डॉल्फिन एम्युलेटरला तर तो लागतही नाही. पीसीएसएक्स-२ (पीएस-२ चा एम्युलेटर), डॉल्फिन, डकस्टेशन तिन्ही फुकट आहेत, त्यांचे पैसे कोणी मागितले तर तो चोरच. नमुना पाहायचा तर अशा गेमचा मागा, जिची तुमची आवृत्ती तुम्हाला आतून-बाहेरून ठाऊक आहे, आणि सिरियल कण्याशी ताडून पाहा. एक आकडा चुकला तरी कारण ऐकून घेऊ नका.

मागवलेल्या डीव्हीडी ड्राइव्हवर मी पीएस-२ च्या पंधराही डिस्कच्या प्रती स्वतः काढल्या, त्रास झाला नाही. पीएस-१ च्या उरलेल्या डिस्कचं काम चालू आहे.

त्या माणसाची जाहिरात पुन्हा दिसतेय. नाव नवं, नंबर नवा, फोटोत दुसराच टेबल. दर तोच, डिस्कमागे १२०, आणि खाली बारीक अक्षरांत ‘जीडी-रॉम मशीन चार्ज १,८०० वेगळा’.