जुन्या पिकअपची नवी बॉडी: काही महिने वापरल्यानंतर

भेटेल तो आधी रंगाबद्दल विचारतो. रंग चांगला आहे. पण काम होऊन आता बरेच महिने झाले. गाडी पावसात भिजली, धुळीत लोळली, पूर्ण भार घेऊन खड्ड्यांतून गेली, आणि या कामाबद्दलचं माझं मत बनलं ते बहुतेक सगळं गाडीखाली शिरून बघताना.

गाडी सिंगल कॅब, शिडीसारख्या चेसिसची (कॅब आणि हौदा ज्या लोखंडी चौकटीवर बसतात ती), मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. इंजिन ठणठणीत, पण मूळ हौदा चाकांच्या कमानींपाशी गंजून गेलेला. ठिगळं मारत बसण्यापेक्षा तो उतरवला आणि तिन्ही बाजूंचे फाळके (कडेच्या भिंती) खाली पडणारा सपाट हौदा बांधून घेतला: सांगाडा लोखंडी, तळ आणि फाळके अॅल्युमिनियमचे. सोबत जाड प्लेटचा पुढचा बंपर, फायबरचे रुंद मडगार्ड, कॅबमागे जाळीची चौकट आणि हौद्याखाली हत्यारांच्या पेट्या.

हौद्यावर मी खूश आहे. कमानी आत येत नाहीत, त्यामुळे पूर्ण रुंदी वापरता येते आणि माल बाजूनेही चढतो. तळ मात्र चाकांच्या वर घ्यावा लागला. प्रत्येक गोष्ट आता जास्त उंच उचलावी लागते आणि भरलेली गाडी वळणावर पूर्वीपेक्षा जास्त कलते. तळाला अॅल्युमिनियम घेतलं ते वजनासाठी. ३ मिमी जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला साधारण २३.५ किलो भरतो, तेवढंच अॅल्युमिनियम ८ किलोच्या आसपास. जुन्या गाडीची एकूण वजनाची मर्यादा बॉडी बदलली म्हणून वाढत नाही. बॉडीत वाचलेला किलो तेवढा मालासाठी मिळतो.

आता मुख्य मुद्दा, जोडणीचा. पिकअपची कॅब आणि हौदा वेगळे असतात, मध्ये फट असते, आणि ती मुद्दाम ठेवलेली असते. एक चाक खड्ड्यात आणि समोरचं तिरकं चाक उंचवट्यावर गेलं की चेसिस ओल्या फडक्यासारखी पिळवटते. फोर्डने १९६१ मध्ये कॅब आणि हौदा एकसंध असलेली पिकअप काढली होती. भाराखाली दरवाजे अडकतात अशी तिची ख्याती झाली आणि काही वर्षांतच तो प्रकार गुंडाळला गेला. म्हणून माझ्या हौद्याच्या मागच्या पकडी पक्क्या आणि पुढच्या स्प्रिंगवर आहेत, म्हणजे चेसिस पिळवटली तरी हौद्याचा पुढचा भाग थोडा उचलला जाऊ शकतो. पकडी चेसिसच्या उभ्या बाजूला बोल्टने बसवल्या आहेत. वरच्या-खालच्या पट्टीला ना भोक, ना वेल्डिंग, कारण ताण तिथेच सर्वांत जास्त येतो. जाळीची चौकटही हौद्यालाच धरली आहे, कॅबला नाही. इतक्या वापरानंतर सांगाड्याच्या वेल्डिंगला कुठे केसाएवढीही चीर दिसत नाही आणि दरवाजे पूर्वीसारखेच लागतात. बोल्ट मात्र पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा आवळावे लागले. ते अपेक्षितच असतं.

याचीच एक मजेशीर बाजू. पकडींखाली रबर असल्यामुळे हौद्याला चेसिसची अर्थ, म्हणजे वीज परत जाण्याची वाट, मिळेना. मागचे दिवे मिणमिणायचे आणि ब्रेक दाबला की इंडिकेटरही अंधूक पेटायचा. बल्ब, होल्डर सगळं तपासून झालं, शेवटी दिव्यांपासून चेसिसपर्यंत अर्थची वेगळी वायर ओढली आणि प्रश्न मिटला.

लोखंड आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये ओलावा शिरला की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. तळाखाली सगळीकडे रबरी पट्टी आहे, तिथे काही झालेलं नाही. फाळक्यांच्या बिजागऱ्यांना स्टेनलेसचे बोल्ट आहेत, आणि त्यातल्या काहींचे प्लॅस्टिक वॉशर चेपून फुटलेत. नेमकं त्यांच्याभोवतीच पांढरी भुकटी धरलीय. जाड नायलॉनचे वॉशर टाकायचे आहेत.

तळावर फवारलेला पॉलियुरियाचा, म्हणजे रबरासारख्या चिवट प्लॅस्टिकचा, थर टिकला आहे. माल सरकत नाही, आवाज कमी झाला. उन्हाने काळा रंग राखाडी पडलाय, पण त्याने काही बिघडत नाही. मला खटकतं ते दुसरंच: थराची कड एकदा सुटली की पाणी आत शिरतं आणि खाली काय चाललंय ते वरून कळत नाही. म्हणून कोपऱ्यांतली पाणी जाण्याची भोकं अधूनमधून काडी घालून मोकळी करतो.

मडगार्ड दिसायला झकास आणि कामाला वाईट. ते स्क्रूने मूळ पत्र्यावर बसतात, कडेला रबराची पट्टी असते, आणि पट्टीमागे ओला चिखल साचून राहतो. एक मडगार्ड काढून बघितला तर बॉडीवाल्याने एका भोकाच्या कडेला प्राइमरच लावलेला नव्हता. तिथे तांबूस कड आली होती. घासून जस्ताचा प्राइमर मारला आणि आतून मेण फवारलं. टायर बॉडीबाहेर येत असतील तर मडगार्ड लागतातच. नुसत्या रुबाबासाठी मी ते सुचवणार नाही.

बंपरबद्दल मत अजून कडक आहे. त्याचं सगळं वजन पुढच्या अॅक्सलच्याही पुढे लटकतं. नाक खाली बसलं, हेडलाइटचा झोत जवळ पडायला लागला, तो पुन्हा वर करावा लागला. शिवाय मूळ बंपर धडकेत चेपला जायचा. हा चेपत नाही, म्हणजे धडक थेट चेसिसच्या टोकांवर. दिसतो दणकट, यात वाद नाही. पण जाड प्लेटऐवजी हलका बनवून घेता आला तर तोच घ्या.

कॅबच्या खालच्या कोपऱ्यांचं काम सर्वांत छोटं आणि सर्वांत नीट झालं. कुजलेला पत्रा पूर्ण कापला, नवा तुटक-तुटक टाके देत जोडला, म्हणजे उष्णतेने पत्रा वाकला नाही. वर लांबीचा (खड्डे बुजवायच्या पुट्टीचा) फक्त पातळ हात. आजही तिथे चुंबक घट्ट चिकटतो, म्हणजे खाली पत्राच आहे.

राहिलं इंधन भरण्याचं तोंड. हौदा बदलल्यावर ते हलवावं लागलं आणि टाकीकडे जाणारी नळी फार आडवी झाली. टाकी भरायच्या आधीच पंपाचं नोझल खटकन बंद पडतं, मग थांबत थांबत भरावं लागतं. नळीला जास्त उतार द्यायचा आणि हवा बाहेर जाण्याची बारीक नळी तोंडाच्या अगदी वरच्या बाजूला घ्यायची, एवढंच काम आता शिल्लक आहे. हौदा बांधायला देणार असाल तर हे दोन्ही आधीच सांगून ठेवा, कारण नंतर तिथे हात पोहोचत नाही.